खोटी पाळी

आमच्या घरात पाळी आलेली बाई चार दिवस पडवीत बसते. चुलीला शिवायचं नाही, देवाकडे जायचं नाही, ताटवाटी वेगळी. टोकावड्याच्या अलीकडे, मुख्य रस्त्यापासून जरा आत आमची वाडी, आणि पडवी पायवाटेच्या बाजूला उघडी. त्यामुळे कोण कधी बसलं हे सगळ्या वाडीला ठाऊक असतं, आणि कोण बसलं नाही हे त्याच्याही आधी. मी बारावी शिकलेली, हातात मोबाइल असलेली बाई, तरी बसायचे. चार दिवस भाकऱ्या थापाव्या लागत नाहीत, एवढा एक फायदा मी त्यातून शोधून काढला होता.

लग्नाला सहा महिने झाले तेव्हा आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टरने माझ्या बोटातून रक्त काढून तपासलं. हिमोग्लोबिन सात भरलं. "एवढ्या रक्तावर दिवस राहू देऊ नकोस," ती म्हणाली. "तीन महिने या गोळ्या घे, अंगात रक्त येऊ दे, मग बघा." लोहाच्या लाल गोळ्या होत्या त्या. आठ दिवस घेतल्या. मळमळायचं, शौचाला काळं व्हायचं. सासूबाई म्हणाल्या, "गरम पडतात त्या. पोट धरायचं नाय." मी उरलेली पाकिटं ट्रंकेखाली सारली. सगळा दोष त्यांच्यावर टाकून मला मोकळं होता येत नाही. मलाही मूल लवकर हवं होतं. माझ्या बरोबरीच्या दोघींच्या कडेवर पोरं होती आणि त्यांना बघून माझा जळफळाट व्हायचा.

दोन महिन्यांतच पाळी चुकली. नवरा मुरबाडला कारखान्यात कामाला, त्याने येताना मेडिकलमधून पट्टी आणली. दोन रेघा उमटल्या. नवरा हसायला लागला, पण सासूबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी मला आत ओढून नेलं आणि हळू आवाजात सांगितलं, "माझी दोन गेली. दोन्ही टायमाला मी पानवठ्यावर बोलून बसले होते. तीन महिने भरू दे. तवर कोणाला कळता कामा नाय." मग थोडा विचार करून म्हणाल्या, "तू आपली पडवीत बस. नायतर वळखतील."

तर पोटात मूल असताना मी पाळी आल्यासारखी पडवीत बसले. मला हसू येत होतं. दुपारी सासूबाई लांबून ताट सरकवायच्या, त्यात इतरांना दिसणार नाही असा भाताखाली गूळ दडवलेला असायचा. त्यांनी माझ्यावर माया केली नाही असं मी कधीही म्हणणार नाही.

त्याच आठवड्यात आशाताई वही घेऊन वाडीत फिरत होत्या. कोणाला दिवस गेलेत ते शोधायचं, नाव नोंदवायचं, गोळ्या द्यायच्या, तपासणीला न्यायचं, हे त्यांचं काम. अंगणातूनच त्यांनी मला बघितलं. "बसलीस होय? बरं," म्हणाल्या आणि पुढच्या घरी गेल्या. मला हाक मारावीशी वाटली. सात रक्ताचं मला आठवत होतं. पण तोंड उघडलं तर नजर लागेल, ही भीती तोवर माझ्याही अंगात मुरली होती.

पुढच्या महिन्यात मी पुन्हा बसले. मळणी चालू होती, सासूबाई सोडून घरातली माणसं खळ्यावर. दुसऱ्या दिवशी सकाळी मला खरोखरच रक्त जायला लागलं. आधी डाग, मग कंबर धरून आली, मग कपड्यामागून कपडा. मी सासूबाईंना बोलावून सांगितलं. "कधी कधी जातं थोडं. पडून राहा," त्या म्हणाल्या आणि त्यांनी लांबूनच जुनं लुगडं फाडून माझ्याकडे टाकलं. पायवाटेने बायका जात-येत होत्या. पाळीतली बाई पडवीत आडवी झाली आहे, यात कोणाला काय वेगळं दिसणार.

संध्याकाळी नवऱ्याने मला मोटरसायकलवर टोकावड्याच्या एका दवाखान्यात नेलं, सासूबाई मागून दुसऱ्या गाडीवर. बाकावर आमच्या शेजारची बाई खोकल्याचं औषध घ्यायला बसलेली. डॉक्टरने पडदासुद्धा न ओढता विचारलं, "दिवस गेलेत का?" सासूबाईंनी लांबूनच मान हलवली. मी बाकाकडे बघितलं आणि म्हणाले, "नाही. पाळीच आहे, जास्त जातंय." हे वाक्य माझं आहे. सासूबाई काही बोलल्या नव्हत्या. डॉक्टरने इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या, थांबलं नाही तर मुरबाडला जा म्हणाला.

पहाटे उठायला गेले आणि पडवीतच कोसळले. शुद्ध आली तेव्हा गाडीत होते, डोकं सासूबाईंच्या मांडीवर. त्या मला शिवल्या होत्या, म्हणजे प्रकरण गंभीर आहे हे मला तेव्हा कळलं. मुरबाडच्या डॉक्टरीणबाईंनी विचारायच्या आत मी सांगून टाकलं की मला अडीच महिने झालेत, आणि आदल्या संध्याकाळी मी टोकावड्याला खोटं बोलले. पिशवी साफ करावी लागली. रक्ताच्या बाटल्या कल्याणहून येईपर्यंत नवरा दारात उभा होता.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मूल बहुतेक वाचलं नसतंच, इतक्या लवकर जायचं ते जातं. त्यात तुझी चूक नाही. पण अंगात रक्त असतं आणि परवा खरं बोलली असतीस, तर तू मरणाच्या दारात गेली नसतीस." यातलं पहिलं मी अजून स्वतःला समजावते. दुसरं समजवावं लागत नाही.

घरी आले तेव्हा सासूबाईंनी वाडीत सांगून ठेवलं होतं की पाळी फार गेली, त्यात कावीळ निघाली. मी पिवळी पडलेलीच होते, कोणाला शंका आली नाही. बायका एकेक करून येऊन गेल्या. शेजारची बाई तांब्याभर उसाचा रस घेऊन आली, काविळीवर चांगला म्हणून. तिचंही एक मूल पोटात असतानाच गेलं होतं. सगळ्यांना माहीत होतं, आणि वाडीतल्या बायका चार दिवस तिच्याजवळ आळीपाळीने बसल्या होत्या. मीसुद्धा बसले होते.

तिने माझ्या कपाळावरून हात फिरवला. "बरं झालं गो, पोटात काय नव्हतं," ती म्हणाली. "कावीळ पोरावर उतरते."

तिच्या गळ्यात पडून मला रडायचं होतं. सासूबाई दारात उभ्या होत्या. मी "हो" म्हटलं आणि रस प्याले.