दारावरची बोराटी

मतदार यादीचं शुद्धीकरण करायचं म्हटल्यावर शाळेतल्या बाकीच्या मास्तरांनी कपाळाला हात लावला. खूश झालो तो मी एकटा. तलवाड्याजवळच्या या गावात एकोणीस वर्षं मी निवडणुकीची कामं केलीत. आमच्या यादीतली मेलेली माणसं दर वेळी हौसेनं मतदान करून जायची आणि आम्ही तोंड शिवून बसायचो. त्याची मला भयंकर चीड यायची. म्हणून नवं अ‍ॅप आलं, घरोघर जाऊन पडताळणी करा असा आदेश निघाला, तेव्हा वाटलं, चला, आता तरी सुधारेल.

गावाच्या टोकाला मेंढपाळांची वस्ती आहे. दिवाळी झाली की ती माणसं मेंढरं घेऊन गोदाकाठानं निघतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. जाताना दाराला कुलूप लावत नाहीत, बोरीची काटेरी फांदी आडवी लावतात. तिला बोराटी म्हणतात. बोराटी दिसली की घरचे परत येणार, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल.

मलाही ते ठाऊक होतं. पण पडताळणी आली ऐन जानेवारीत. घरात माणूस सापडला नाही तर अ‍ॅपमध्ये तीनच पर्याय: मयत, दुबार, स्थलांतरित. 'बाहेर गेलेत, येतील' असं लिहायला जागाच नव्हती. त्या घरांची नोंद मला ती माणसं परतेपर्यंत थांबवता आली असती. फार तर साहेबांची बोलणी खावी लागली असती. पण तालुक्यात माझी यादी सगळ्यांच्या आधी पूर्ण व्हावी, ही हाव होती मला. मी 'स्थलांतरित' दाबलं. नियमाप्रमाणे नोटीस काढली, बोराटी बाजूला करून दारावर चिकटवली, दोन पंचांच्या सह्या घेतल्या. फांदी मात्र होती तशी परत लावली, हे आजही आठवतं. वस्ती परतेपर्यंत ती नोटीस उन्हावाऱ्यानं कधीच उडून गेली होती. पुढे तहसीलमध्ये माझी पाठ थोपटली गेली, प्रशस्तिपत्रही मिळालं.

विधानसभेच्या मतदानाला मी केंद्राबाहेर यादी घेऊन बसलो होतो. दुपारी त्या वस्तीतली म्हातारी आली. माझी लेक लहानपणी तिच्याच शेळीच्या दुधावर वाढलेली. मेंढरं सुनेवर सोडून ती दोन दिवस चालत आली होती. पदराची गाठ सोडून तिनं ओळखपत्र काढलं.

"गुरजी, चिठ्ठी द्या."

यादीत बघायची मला गरज नव्हती. तरी मी पानं उलटत राहिलो.

"नाव नाही, आजी."

"कावून न्हाई? दर बारीला असतंय की." मग ती हळू आवाजात म्हणाली, "लोकं म्हणत्यात, तुमी फिरस्ते, तुमचं गाव कोन्तं? मी म्हणती, जावा, यादीत बघा. आता काय दावू त्यानला?"

तेव्हाच खरं सांगून टाकायला हवं होतं. पण रांगेतली माणसं बघत होती.

"मशीननं काढलं, आजी."

"मशीनला काय कळतंय बोराटी कशाला म्हणत्यात ते! तुमी घरी आला असता तर असं झालंच नसतं." माझीच समजूत घातल्यासारखं ती म्हणाली, "जाऊ द्या गुरजी, तुमी लई वाईट वाटून घिऊ नका." आणि शाई न लागलेलं बोट पदरात घेऊन परत चालायला लागली. मला अक्षरशः मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नंतर मी वस्तीतल्या त्या सगळ्या घरांचे अर्ज भरले, नावं परत आली. गुरुजींनी आमचं नाव लावलं, असं ती वस्तीभर सांगते. प्रशस्तिपत्र मी कपाटात उलटं ठेवलंय, पण तिच्याकडे जाऊन खरं बोलायचं धाडस अजून झालेलं नाही.

परवा दिवाळी संपली. वर्ग चालू असताना ती दारात येऊन उभी राहिली.

"गुरजी, आमी चाललाव. बोराटी लावलीय. तेवढं त्या मशीनला सांगा, परत येणार हाव म्हणून."

"सांगतो, आजी," मी म्हणालो.