मूळव्याध नव्हती

"मूळव्याध नाही, फिशर आहे," डॉक्टरबाई हातमोजे काढत म्हणाल्या. फिशर म्हणजे गुदद्वाराच्या नाजूक अस्तराला पडलेली चीर. मुलुंडच्या एका छोट्या हॉस्पिटलात मी कुशीवर पडलो होतो. पडद्याबाहेर बाकावर दामू बसला होता.

दामू वर्सोव्याचा कोळी, भावाच्या बोटीवर जायचा. मी साकीनाक्याच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन. नाहूरच्या खोलीत एकटा राहतो, असं शेजारी समजायचे. पण दामू बोटीवर नसला की माझ्याकडेच असायचा, आमचं बरीच वर्षं होतं. ऐंशीच्या दशकात असल्या नात्याबद्दल कोणी बोलत नसे, आम्हीही नाही.

सुरुवात शौचाच्या वेळी काचेने कापावं तशा कळेने झाली. मग रक्त दिसलं. मी मूळव्याधीचं मलम आणलं, कारखान्यात उभ्याने ड्रॉइंग काढू लागलो. नंतर शौचाच्या भीतीने जेवणच कमी केलं. ते पाहून दामू मला धरूनच घेऊन आला.

बद्धकोष्ठ आहे का, काही इजा झाली का, बाईंनी विचारलं. मी नाही म्हणालो. त्यांनी पुन्हा विचारलं, तेव्हाही नाहीच म्हणालो. बाहेर सगळं ऐकू जात होतं. दामू पडदा सारून आत आला.

"तुम्ही यांचे कोण?"

"घरचा," दामू म्हणाला. "बाई, आम्ही नवराबायकोसारखे राहतो. हे त्यातनंच झालंय. मला काय बोलायचं ते बोला, पण ह्याला बरा करा."

तेव्हा असलं नातं कायद्याने गुन्हा होतं; आता पोलिसांना फोन जाणार, असं मला वाटलं. बाईंनी दामूला बसायला खुर्ची दिली.

"त्या जागेला स्वतःचा ओलावा नसतो," त्या म्हणाल्या. "अस्तर पातळ असतं, घाई केली की फाटतं. तिथून गरमी, परमा असले गुप्तरोग, ब प्रकारची कावीळ शिरते, हा नवा एड्ससुद्धा. बायकांनाही हे होतं, त्या तर तोंडही उघडत नाहीत."

पुढचं त्यांनी दामूकडे बघून सांगितलं. चीर भरेपर्यंत काही नाही. नंतर दर वेळी निरोध हवाच. खोबरेल लावायचं नाही, तेलाने रबर फाटतं. केमिस्टकडे पाण्यात विरघळणारी जेली मिळते, ती आणायची. दुखलं की थांबायचं. दामू शाळेतल्यासारखा मान हलवत होता.

मला इसबगोल, मलम आणि सिट्झ बाथ दिला. सिट्झ बाथ म्हणजे कोमट पाण्याच्या टबात बसणं. दामू बोटीवर गेलाच नाही. पाणी तापवायचा, लहान मुलाच्या अंघोळीला बघतात तसं कोपर बुडवून बघायचा, मगच मला बसवायचा. मऊ भात, बिनतिखटाचं पापलेट.

पण दोघांच्याही रक्ताची एलायझा केली होती, म्हणजे एड्सच्या विषाणूची चाचणी. रिपोर्ट येईपर्यंत आम्ही एकमेकांशी फार जपून बोलायचो. "माझ्यामुळे तुला काही झालं असेल तर?" त्याने एकदाच विचारलं. मी त्याचा हात धरून बसून राहिलो.

दोघांचेही रिपोर्ट चांगले आले. संसर्ग ताजा असला तर पहिल्या चाचणीत दिसत नाही, म्हणून बाईंनी काही महिन्यांनी पुन्हा बोलावलं. तेव्हाही काही निघालं नाही.

तुमच्यापैकी कोणी आज मलम लावून गप्प बसला असेल, तर डॉक्टरला खरं काय ते सांगा. एकाने नाक मुरडलं तर दुसऱ्याकडे जा. आम्हाला चांगल्या बाई भेटल्या, हे नशीब.

चीर भरली. तेव्हापासून काही दुखलं की मी लगेच सांगतो, आणि दामू थांबतो. इतकी वर्षं एकत्र राहून एवढं साधं बोलायला आम्ही त्या आजारपणात शिकलो.