गेलेले लोक सकाळीच मत देऊन जातात

निवडणुकीचे किस्से म्हणजे माळ्यावरचे रिकामे डबे. टाकवत नाहीत आणि कामालाही येत नाहीत. दर वेळी वाटतं, आता बस. मग पुढची निवडणूक येते आणि आणखी एक डबा वर चढतो. माझा माळा भरलाय, यार. आज थोडे खाली काढतो.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. घरात मराठी, आडनावं पेणकर-चौलकर, आणि शनिवारी शब्बाथ, म्हणजे काम बंद. ऐंशीच्या दशकात मुलुंडला आमची बरीच घरं होती, आणि दर वर्षी त्यातली एकदोन इस्रायलला निघायची. उरलेल्यांत एलिजाकाका होते. गोदीतून रिटायर झालेले, आवाज भोंग्यासारखा. त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट बसली होती: आपल्या प्रत्येक माणसाने मत द्यायचं, आणि आपल्या नावावर दुसऱ्या कुणाला देऊ द्यायचं नाही! आम्ही चार-पाच जण त्यांचे व्हॉलंटियर. एका अपक्ष उमेदवाराकडे माणसंच नव्हती, त्याने आम्हाला पोलिंग एजंटचे पास दिले. आपण पडणार हे त्या बिचाऱ्यालाही माहीत होतं.

*

पहिल्याच वेळी सकाळी आठला काका बूथवर बसले. अधिकाऱ्याने नाव पुकारलं, "मोझेस चौलकर." मोझेस म्हणजे काकांचा सख्खा धाकटा भाऊ! इस्रायलला जाऊन सात-आठ वर्षं झाली होती, पण मतदार यादीत नाव तसंच होतं. काकांनी मान वर करेपर्यंत एक मिशीवाला शाई लावून घेऊन बाहेरसुद्धा पडला.

आम्हाला वाटलं, काका आता टेबल उलटं करणार. त्यांनी घड्याळ बघितलं.

"इथे होता तेव्हा नऊच्या आधी कधी उठला नाही मेला!" म्हणाले.

*

घरोघर फिरणं तर त्याहून वाईट. सॉलोमन म्हणून एक होता, त्याचा पासपोर्ट आलेला, पेट्या बांधून तयार. म्हणाला, "काका, मी चाललोय. मी कशाला मत देऊ?"

काका म्हणाले, "अरे, जाईपर्यंत इथल्याच नळाचं पाणी पिणार ना? मग ते आणणारा कोण, ते तू नको ठरवायला?"

सॉलोमनने काकांचा हात धरला, मोरीत नेलं आणि नळ उघडून दाखवला. नळातून हवा आली! काका जिना उतरले, आणि खाली आल्यावर उगाचच माझ्यावर ओरडले.

*

आता हन्नाटीचर. मुलुंडच्याच शाळेत सगळी नोकरी झाली, अर्ध्या वस्तीला पेन कसं धरायचं ते त्यांनी शिकवलं. नवरा वारलेला, एकुलता एक मुलगा डेव्हिड तिकडे इस्रायलला, अश्दोद गावी. "आई, चल" असं तो दर पत्रात लिहायचा. त्यांचं उत्तर ठरलेलं: "इथल्या यादीत माझं नाव आहे तोवर मी इथली. ते गेलं की बघू."

आणि एका वर्षी नाव खरंच गळलं! टीचरनी कचेरीत खेटे घातले आणि एलियाहू नबीला, म्हणजे आमच्या प्रेषिताला, मलिद्याचा नवस बोलल्या. मलिदा म्हणजे गोड पोहे, नारळ, फळं. काम झालं की आमच्यात नबीच्या नावाने करतात. नाव परत लागलं, टीचरनी थाटात मलिदा केला.

कुठून वास लागला कोण जाणे, एक उमेदवार हार घालूनच आला. दोनदा पोहे मागून घेतले आणि भाषण ठोकलं: "तुमच्या समाजावर आमचं फार प्रेम! तिकडे गेल्यावर आम्हाला विसरू नका हं!"

तो गेल्यावर टीचर भांडी आवरत म्हणाल्या, "मी नवस फेडला राहण्याचा, आणि हा बाबा निरोप देऊन गेला!"

*

एकदा आम्ही बोगस मतदार पकडलाच. रिबेका सॅम्युएलच्या नावावर एक बाई आली, हिरव्या बांगड्या, कडेवर पोर. रिबेकाला इस्रायलला जाऊन पाच वर्षं झालेली. काका ओरडले, "ही रिबेका नाही!" हवालदाराने बाईला बाहेर काढलं. आम्ही खूश, झकास काम झालं!

काका तिच्या मागे गेले. "लाज नाही वाटत? स्वतःच्या नावावर दे की!"

ती म्हणाली, "कुठाय माझं नाव? मानखुर्दला झोपडी तोडली, तेव्हा नाव गेलं. आता इथं नाल्याकडंला राहतोय. हे मत दिलं तर नाव लावून देतो म्हणालेत पार्टीवाले. तुमची बाई देश सोडून गेली, तिचं नाव हाय. मी इथंच हाय, मला धरताय?"

त्या दिवशी काका नंतर कुणालाच अडवायला उठले नाहीत. मला मात्र त्यांचाही राग आला आणि त्या बाईचाही, आणि कुणाचा जास्त ते आजही कळत नाही.

*

आणि मग ती शनिवारची निवडणूक.

शब्बाथला आम्ही गाडीत बसत नाही, लिहीत नाही. मतपत्रिका घेताना सही करावी लागते, तेव्हा आमच्यात महिनाभर चर्चा. शेवटी काकांनी निकाल दिला: "अंगठा म्हणजे लिहिणं नव्हे. अंगठा लावा!" डेव्हिड आईला न्यायला मुद्दाम आला होता. टीचर त्याला म्हणाल्या, "मत देऊन येते, मग भांडू." उन्हातून काठी टेकत चालत निघाल्या. मी आणि डेव्हिड दोन्हीकडून. बूथ त्यांच्याच शाळेत होता.

अधिकारी म्हणाला, "हन्ना पेणकरांचं मत झालंय."

टीचरनी बोट पुढे केलं. शाई नव्हती. समोरचा एजंट म्हणाला, "पपईच्या चिकाने जाते शाई!"

काका उठले. "साहेब, अशा वेळी वेगळी मतपत्रिका देतात!"

"देतो. आधी ओळख पटवा. बाई, सही करा."

"आज सही करत नाही. अंगठा लावते."

अधिकाऱ्याने त्यांच्या नावावर सकाळी कुणीतरी केलेली सही दाखवली, वळणदार, ठसठशीत. "हे बघा. हन्ना पेणकरांना सही येते. तुम्ही अंगठेबहाद्दर!"

चोर सोडून संन्याशाला फाशी! डेव्हिड म्हणाला, "आई, चल इथून." काका काहीतरी बोलायला गेले आणि त्यांचा भोंगाच बसला.

 मग टीचरनी टेबलावरचं पेन उचललं. शनिवारी त्यांनी जन्मात कधी काडी पेटवली नव्हती.  त्यांनी पूर्ण नाव लिहिलं.

अधिकाऱ्याने दोन्ही सह्या शेजारी शेजारी धरल्या. 

"बाई, जुळत नाही."

आम्ही बाहेर आलो. टीचरनी चपला सारख्या केल्या, काठी घेतली.

"डेव्हिड, तिकिटाचं उद्या बघ," म्हणाल्या. "आज शब्बाथ आहे."