पहिला ग्लास
खळ दिलेल्या पांढऱ्या शर्टाचा वास आला की कळंबच्या किनाऱ्यापाशी डुलणारी आमची होडी आठवते. नव्वदच्या दशकात दादा यॉटवर पाहुण्यांची सरबराई करायच्या नोकरीचं ट्रेनिंग घेत होता. परीक्षेच्या आदल्या दिवशी गणवेशाचा तसाच शर्ट घालून सरावासाठी त्याने आईबाबांना पाहुणे म्हणून होडीत बसवलं. होडी लाटेवर कलत होती, तरी भरल्या ग्लासांचा ट्रे हातावर घेऊन तो अनवाणी इतका सहज चालत आला की थेंबही सांडला नाही. त्याने ग्लास आईपुढे धरला. ती म्हणाली, “आदी तुज्या बाबाला दे पानी.” दादा हलला नाही. “पहिले तुम्ही, मॅडम.” जन्मभर सगळ्यांच्या मागून जेवलेली आई सावकाश पाणी प्यायली, आणि तोवर बाबा थांबले. आता मी वाढायला घेतलं की पहिलं ताट आपसूक आईकडे जातं.