हरण्याची विनंती

अहिल्याबाई सबनीसांना हरता येत नसे. दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरातल्या बायका दुपारी त्यांच्याकडे पत्ते खेळायला जात त्या हरायच्या तयारीनेच. पत्ते चार रंगांचे, आकडे एक ते तेरा. एकच आकडा तीन वेगळ्या रंगांत जमवायचा, नाहीतर एकाच रंगाचे तीन लागोपाठ आकडे, आणि ते चटईवर मांडायचे. जमलं नाही तर गड्डीतून पत्ता उचलायचा. मांडलेले गट कुणीही मोडून नव्याने जोडावेत, मात्र कुठेही तिनाहून कमी पत्ते उरता कामा नयेत. ज्याचा हात आधी रिकामा, तो जिंकला. एका पत्त्यासाठी अहिल्याबाई अख्खी चटई उलथीपालथी करत आणि वर म्हणत, "चलो, झालं!" बायकांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

अशा बाईला नवऱ्याने हरायला सांगितलं. गुणवंतरावांची गुवाहाटीला बदली निघत होती, मुलीची, अरुणाची, बारावी तोंडावर होती, आणि फाइल ज्या साहेबांच्या टेबलावर होती त्यांच्या पत्नी वीणा मॅडम गुरुवारी खेळायला येणार होत्या.

"अगं, एकदाच हर. माझ्यासाठी."

"तुमच्यासाठी जानेवारीत पहाटे उठून डबे केलेत. हे जरा जास्त होतंय."

पण लेकीसाठी त्या कबूल झाल्या.

मॅडम पत्ते असे धरत की समोरच्याला सगळे दिसावेत. त्यांच्या हातात निळी सत्ती अडकली होती. अहिल्याबाईंनी निळे चार-पाच-सहा जोडून त्यांच्या गुडघ्याशी सरकवले. मॅडमनी गड्डीतून पत्ता उचलला. मग उरलेल्या तीन रंगांच्या सत्त्या समोर मांडल्या, तरी मॅडम कान खाजवत बसल्या. इकडे अहिल्याबाईंच्या हातात एकच काळी अठ्ठी, आणि चटईवर काळे नऊ-दहा-अकरा. दोनदा त्यांनी उगाच गड्डीतून पत्ता उचलून तो दुसरीकडे लावला. तिसऱ्यांदा हात ऐकेना.

"चलो, झालं!"

त्या दिवशी रजा टाकून स्वयंपाकघरात चहाचा ट्रे धरून उभे असलेले गुणवंतराव मटकन खाली बसले.

मॅडमनी हातातले पत्ते चटईवर टाकले. "आजवर जिथे जिथे खेळले, तिथे मीच जिंकले. वाटायचं, मी हुशार आहे." मग त्यांनी स्वतःच पत्ते गोळा केले. "तुम्हाला हरवल्याशिवाय मी तुम्हाला दिल्ली सोडू देणार नाही. साहेबांना मी सांगते. वाटा."

बदली बारगळली. आता दर गुरुवारी गुणवंतराव ऑफिसला निघताना दारातून बजावत, "अगं, चुकूनही हरू नकोस." अरुणा कॉलेजात गेली तोवर मॅडम फार छान खेळू लागल्या होत्या, आणि पत्ते वाटताना आयुष्यात पहिल्यांदाच अहिल्याबाईंच्या हाताला घाम सुटू लागला होता.