बिनविम्याची व्हॅन

तिवसा तालुक्यातल्या एका गावात चारचाकी चालवणारी पहिली बाई म्हणजे दीपमाला ढोके. घरची शेती शेवंती आणि झेंडूची. नवऱ्याला पाठीच्या दुखण्यानं गाडीवर बसवेना, तेव्हा जुनी व्हॅन तिनं हातात घेतली आणि पाच वर्षं रोज सकाळी अमरावतीच्या फूलबाजारात माल पोचवला.

त्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्या व्हॅनचा विमा संपून सतरा दिवस झाले होते. मोबाईलवर तीनदा मेसेज येऊन गेला होता. हंगामाची घाई होती. दसरा झाला की काढू, असं ती रोज स्वतःला सांगत होती.

त्या सकाळी बाजाराच्या वाटेवर, नांदगाव पेठच्या अलीकडे एक सायकलवाला मध्येच वळला. दीपमालानं ब्रेक दाबला, पण मागं फुलांची पोती गच्च भरलेली. व्हॅन घसरत गेली आणि सायकल आडवी झाली.

माणूस साठीचा होता. गाद्या भरण्याचं काम करणारा फारुख. पाय गुडघ्याखाली भलतीकडेच वळलेला. आसपास कोणी नव्हतं. तिनं चार पोती रस्त्याकडेला फेकली, त्याला काखेत धरून ओढत आत घेतलं आणि थेट सरकारी दवाखाना गाठला.

त्याला आत नेलं. ती बाहेर बाकावर बसली. तासाभरात तिचा दीर चंदन धावत आला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"वहिनी, कोनी पाह्यलं?"

"नाही."

"मंग सांगा, दुसरी गाडी उडवून गेली. तुमी फक्त उचलून आणलं. इन्शुरन्स नाही आपल्या गाडीले. सगळं आपल्याच अंगावर येईन."

समोरून पोलीस हवालदार येत होता. पण त्याच्या आधी एक बाई पोचली, फारुखची बायको जहाँआरा. तिनं दीपमालाचे दोन्ही हात धरले.

"तुमी नसत्या तर हे रस्त्यावरच गेले असते, बाई."

हवालदार जवळ येऊन थांबला होता. चंदन मागं खाकरला.

"माह्याच गाडीनं लागलं त्यायले," ती म्हणाली. "अन् गाडीले इन्शुरन्स नाही."

जहाँआराचे हात सुटले.

"काहून नाही काढला?"

दीपमालानं व्हॅनची किल्ली हवालदाराच्या हातात ठेवली.

व्हॅन ठाण्याच्या आवारात गेली. ती सोडवायला कोर्टात तारण ठेवावं लागणार होतं, ते काही जमलं नाही. शेवटी व्हॅनचा लिलाव झाला आणि ती रक्कम भरपाईपोटी कोर्टात जमा झाली. उरलेली भरपाई दीपमालावर येणार, हे वकिलानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. अर्धं फुलांचं शेत वर्षाच्या ठराविक रकमेवर, ठोक्यानं दुसऱ्याला कसायला दिलं. चंदन वर्षभर तिच्याशी बोलला नाही. ती दुसऱ्याच्या टेम्पोत पोत्यांवर बसून बाजारात जाऊ लागली.

फारुखचा पाय जुळला, पण मांडी घालून बसता येईना. गाद्या आता जहाँआरा भरते.

भरपाईच्या निकालाच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात एकाच बाकावर जागा होती. त्यावर जहाँआरा बसली होती, शेजारी तिची पिशवी. दीपमाला लांब भिंतीला टेकून उभी राहिली. तास गेला, दीड तास गेला. जहाँआरानं पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"बसा. किती येळ उभ्या राहान?"

दीपमाला बसली.