तेलाची वाटी

शिंपीणबाई अख्ख्या गल्लीची मापं घ्यायची, पण स्वतःच्या अंगाला कुणाचा हात लागू द्यायची नाही. बावीस वर्षांचा सोरायसिस! पाठ, कोपर, गुडघे चिरलेले, आणि खपल्या नेमक्या गिऱ्हाइकाच्या कापडावर गळायच्या. भर उन्हाळ्यातही बाह्या मनगटापर्यंत. रोग दुसऱ्याला लागत नाही, हे लोकांना सांगून सांगून तिची जीभ झिजली.

नेहमीच्या डॉक्टरांनी हात टेकले. मोठ्या इस्पितळात त्वचेच्या तज्ज्ञांकडे इंजेक्शनं होती, पण ती आजार फार वाढलेल्यांनाच मिळायची. आठ महिन्यांनी नंबर लागला. आणि त्या सकाळी बाईनं काय करावं? ऊन पाण्यानं अंग घासून खपल्या काढल्या आणि वाटीभर तेल जिरवलं. तज्ज्ञ म्हणाले, "फारसं नाही. मलम चालू ठेवा." झालं, मुसळ केरात!

"पाहुणे येणार म्हणून घर झाडावं तसं अंग झाडून गेलीस?" मोठी जाऊ कडाडली. "अगं, दवाखान्यात गेली होतीस की लग्नाला?"

"परक्यापुढे ही घाण कशी दाखवू, ताई?"

"घाण? दुखणं आहे ते तुझं!" म्हणता म्हणता जाऊच रडायला लागली.

पुन्हा नेहमीच्या डॉक्टरांची चिठ्ठी, पुन्हा सहा महिने. या वेळी बाईनं आपली विद्या बाहेर काढली. खाकी कागदावर स्वतःच्या मापाचं कटिंग काढलं, पुढचा भाग, पाठ, बाह्या. दर एक तारखेला नवा कागद, आणि चट्टे असतील तिथं लाल खडू. पाठीमागचं जाऊ रंगवायची. असे सहा कागद झाले.

जायच्या सकाळी हात तेलाकडे गेलाच. जाऊनं वाटीच उचलून नेली.

या खेपेला डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी सगळे कागद टेबलावर पसरले, बराच वेळ पाहिले आणि म्हणाल्या, "बाह्या वर करा." खपल्या टेबलावर सांडल्या. शिंपीणबाई घाईनं पुसायला गेली, तर त्यांनी तिचा हात धरला. हातमोजे न घालता. "राहू द्या हो. पुढच्या आठवड्यात इंजेक्शन सुरू करू." बाईला रडू आवरेना.

इंजेक्शनं सुरू झाल्यावर पाचव्या महिन्याच्या एक तारखेला जाऊ खडू घेऊन तिच्या पाठीशी उभी राहिली. उभीच राहिली.

"रंगवा ना, ताई."

"कुठं रंगवू? मला तर काही सापडेना!"

शिंपीणबाईनं खुंटीवरचं लांब बाह्यांचं पोलकं ओढून घेतलं. मग म्हणाली, "तो खडू ठेवा आणि कात्री द्या. बाह्या कापायच्यात."